लग्नाचा फोटोग्राफर पाण्याखाली

माझा धंदा लग्नाचा. लग्नं लावायचा नाही, लग्नाचे फोटो काढायचा. कुळगावात स्टुडिओ आहे, सत्तावीस वर्षं झाली. कल्याणपासून कर्जतपर्यंत आगऱ्यांच्या हळदी मी काढल्यात. ज्यांनी आगऱ्यांची हळद पाहिली आहे त्यांना माहीत असेल, तिथे फोटोग्राफर शाबूत घरी येणं हे डीजेवाल्याच्या मर्जीवर असतं. असा मी, वय वर्षं बावन्न, अंदमानच्या एका बेटावर डायव्हिंगच्या रिसॉर्टवर, पाण्याखालचे फोटो काढायला जाऊन आलो. का गेलो ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक मला निसर्गप्रेमी समजतील.

माझी मुलगी प्रणाली तिथे नोकरीला आहे. लोकांना डायव्हिंग शिकवते. आधी अंबरनाथला एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी खात्यात होती. छान चाललं होतं. मग मैत्रिणींबरोबर अंदमानला फिरायला गेली आणि परत आली ती फक्त राजीनामा द्यायला. त्याला दोन वर्षं झाली. सुरुवातीला रोज फोन व्हायचा. पण आमच्या घरच्या प्रत्येक फोनात एक स्थळ असायचं. हळूहळू ती फोन उचलेनाशी झाली.

या खेपेचं स्थळ माझ्या बायकोनं, वनितानं, स्वतः शोधलेलं. मुलगा अंबरनाथ पश्चिमेचा, स्वतःचा फ्लॅट, घरचा गाळा भाड्यानं दिलेला. त्याच्या बायोडेटाचा फोटो माझ्याच स्टुडिओत काढला होता, त्यामुळे त्यात खरं किती ते मला माहीत होतं. त्या लोकांना पुढच्या रविवारपर्यंत उत्तर हवं होतं.

"तुम्ही जा," वनिता म्हणाली. "मासळीचे फोटो काढायला आलोय म्हणा. आणि तिला विचारा. नुसतं विचारू नका, घेऊन या."

"आणि नाय म्हणाली तर?"

"तिकडं जायला हो कुणी म्हटलं होतं?"

मी.

"मग निस्तरा आता."

कॅम्प दोन, उल्हासनगर

पाण्याखाली कॅमेरा न्यायचा तर त्याला एक पेटी लागते. तिला हाऊसिंग म्हणतात. ती बाहेरून येते आणि तिची किंमत ऐकून मी दुकानदाराला दोनदा विचारलं, की यात कॅमेरा धरलाय का. नव्हता धरला. तेव्हा मी आमच्या भागातला माणूस अशा वेळी जे करतो तेच केलं. उल्हासनगरला गेलो.

गोपीभाई माझा जुना दोस्त. कॅम्प दोनला त्याचा अ‍ॅक्रिलिकचा वर्कशॉप आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रॉफ्या, देव्हाऱ्यांचे दरवाजे. मी त्याला मोबाईलवर हाऊसिंगचा फोटो दाखवला. त्यानं चष्मा वर केला, फोटो मोठा केला, लहान केला.

"साईं, ये तो डब्बा है," तो म्हणाला. "गुरुवारला घेऊन जा."

गुरुवारी डबा तयार होता. कडेला रबराची रिंग, बटणांच्या जागी स्प्रिंगच्या दांड्या, दोन बाजूंना स्टीलची हँडलं. ती हँडलं मला ओळखीची वाटली. किचन ट्रॉलीची होती. तरंगू नये म्हणून तळाला शिशाची पट्टी ठोकलेली. आत टिशू पेपर ठेवून डबा रात्रभर पिंपात बुडवला होता. सकाळी गोपीभाईनं माझ्यासमोर उघडला. टिशू कोरडा ठणठणीत.

"किती खोल चालेल?" मी विचारलं.

"कितना गहरा जाओगे?"

"बारा मीटर."

"तो बारा मीटर चलेगा."

गॅरंटी तोंडी होती. उल्हासनगरात तोंडी गॅरंटीला मान आहे.

बेटावर

विमान, मग बोट, मग रिक्षा, असं करत रविवारी दुपारी पोचलो. प्रवासाबद्दल एवढंच सांगतो, की माझ्या बॅगेत वनितानं दोन किलो सुकट आणि एक किलो जवळा दिला होता, पोरीसाठी. तीन प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर माझी लग्नाची शेरवानी. वास तरीही आला. बोटीत माझ्या शेजारची दोन्ही माणसं उठून दुसरीकडे बसली, त्यामुळे प्रवास ऐसपैस झाला.

रिसॉर्ट म्हणजे नारळाच्या झाडांत बांबूच्या दहा-बारा खोल्या, एक उघडं जेवणघर आणि एक शेड. शेडमध्ये हवेची नळकांडी ओळीनं उभी. पहिल्या नजरेला मला घरगुती गॅसची एजन्सी वाटली. तिथे एक काळी, बारीक, आखूड केसांची बाई एकेका हातात एकेक सिलिंडर घेऊन चालली होती. ती प्रणाली आहे हे मला ती "पप्पा" म्हणाली तेव्हा कळलं.

मला भरून आलं. तिलाही आलं असावं. मग तिनं नाक वर केलं.

"सुकट आणलंत?"

"हो."

"इथे? पप्पा, हे लोक माशांना हात लावू देत नाहीत."

भिंतीवर खरंच पाटी होती. माशांना शिवू नका, प्रवाळाला शिवू नका, शिंपलासुद्धा घरी नेऊ नका. पलीकडे बंगळुरूचा एक ग्रुप दुधाशिवायची कॉफी पीत बसला होता. ते लोक माशांबद्दल हळू आवाजात बोलत, जसं आपण आयसीयूबाहेर बोलतो. आमच्याकडे मासा समोर आला की प्रश्न एकच असतो, कालवण की तळून. त्या रात्री जेवणात मोहरी वाटून केलेली मच्छी होती. आचारी बंगाली, इथली बरीचशी वस्ती बंगाली. चांगली होती. पण मोहरी नाकात जाते आणि माशाला बोलूच देत नाही. प्रणालीनं खिडक्या लावून तिच्या खोलीत सुकट भाजलं आणि उभ्याउभ्या, बोटं चाटत खाल्लं. मी म्हटलं, आत्ता विचारावं. तोवर ती खाटेवर आडवी झाली होती आणि झोपलीही होती. साडेआठ वाजले होते.

श्वास

सोमवारी माझं शिक्षण सुरू झालं. कामावर असताना प्रणाली मला पप्पा म्हणत नाही, हे तेव्हा कळलं. बाकी शिकणाऱ्यांसारखाच मीही. "बाळाराम सर, मास्क थुंकीनं पुसा." मी पुसला. "बाळाराम सर, पोट आत." ते मात्र जमलं नाही.

"पहिला नियम," ती म्हणाली, "श्वास कधीही धरायचा नाही. आत, बाहेर, आत, बाहेर. काहीही होवो."

"आणि धरला तर?"

"छातीत हवा अडकून तुम्ही वर जाल. जास्त वर गेलात तर फुप्फुसं फाटतील."

हे तिनं हसत सांगितलं. तिचं हसू आईवर गेलंय.

आता माझी अडचण सांगतो. हळदीच्या मांडवात उजेड कमी, शटर सावकाश, अशा वेळी हात हलू नये म्हणून फोटोग्राफर श्वास धरतो. सत्तावीस वर्षं मी हेच केलं. आता हातात कॅमेरा असो नसो, समोर बघण्यासारखं काही आलं की माझा श्वास आपोआप थांबतो. कमरेइतक्या पाण्यातून आम्ही हळूहळू खोल गेलो. समोरून पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक घोळका आला, शंभर तरी असतील, एकदम सगळे वळले आणि उन्हात चमकले. मी श्वास धरला. आणि निघालो वर, फुग्यासारखा. कुणीतरी माझा पाय धरून खाली ओढलं. प्रणाली. तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं, आत, बाहेर. मी मान हलवली. मग एक कासव आलं. मी परत वर.

त्या दिवशी तिनं मला नऊ वेळा पाय धरून खाली आणलं. लहानपणी ही पोरगी चौपाटीच्या गर्दीत माझं बोट सोडून पळायची, तेव्हा मी तिला तिच्या फ्रॉकला धरून मागे खेचायचो. इथे उलटं चाललं होतं आणि मला त्याचा राग यायला हवा होता. नाही आला.

"कॅमेरा कधी देणार?" संध्याकाळी मी विचारलं.

"श्वास घ्यायला शिकाल तेव्हा."

"मी बावन्न वर्षं श्वास घेतोय."

"दिसलं आज."

संध्याकाळी सगळे जेवणघरात बसून दिवसभरात पाहिलेले मासे वहीत लिहितात. इंग्रजी नाव, मग लॅटिन नाव. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, तांबोशी पाहिली, हेकरू पाहिला, एक बारकी मुशी पाहिली. हेकरू चांगला पाच किलोचा होता, त्याच्या डोक्याचं कालवण फक्कड होतं. वहीवाल्या बंगळुरूच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. प्रणाली टेबलाखाली तोंड घालून काहीतरी शोधायला लागली. तिचे खांदे हलत होते.

बोलायचं मात्र राहतच होतं. दिवसा ती पाण्याखाली, तिथे दोघांच्याही तोंडात नळी. वर आली की सिलिंडर भरणं, सूट धुणं, लोकांच्या शंका. आठनंतर झोप. आणि वनिताचा रोज मेसेज. "विचारलं का?" मी लिहायचो, "वेळ बघतोय." मंगळवारी तिनं लिहिलं, "वेळ बघायला तिकडं जायची काय गरज. घड्याळ इथे पण आहे."

बुधवार

बुधवारी मी पास झालो. अख्ख्या सकाळी फक्त एकदाच वर गेलो. "ठीक आहे," प्रणाली म्हणाली, "दुपारी कॅमेरा."

तिनं गोपीभाईचा डबा उलटा-सुलटा करून पाहिला. हँडलं पाहिली. "हे किचन ट्रॉलीचं आहे का?" मी म्हटलं, स्टीलचं आहे.

बोट बिमलदा चालवतो. साठीचा बंगाली माणूस, कायम बनियनवर. पद्धत अशी, की आपण आधी बोटीवरून मागच्या मागे पाण्यात पडायचं. मग वरून कॅमेरा हातात देतात. त्याची दोरी मनगटात अडकवायची, आणि मग खाली जायचं. प्रणाली आधी पडली, मग मी. मी वर आलो, अंगातल्या जॅकेटात हवा भरून छातीएवढ्या पाण्यात तरंगत राहिलो, हात वर केले. बिमलदा बोटीवरून वाकला आणि त्यानं तो डबा दोन्ही हातांनी, सांभाळून, माझ्या दोन्ही हातांत दिला.

आता इथे काय झालं ते नीट समजून घ्या. आमच्या आळीचे गणपती वीस-बावीस वर्षं मी खोल पाण्यात नेतो. उल्हास नदीला काठावरून लोक मूर्ती हातात देतात, मी छातीएवढ्या पाण्यात जातो, एकदा बुडवतो, वर काढतो, दुसऱ्यांदा बुडवतो, वर काढतो, तिसऱ्यांदा सोडतो. दीड दिवसाचे, पाच दिवसांचे, गौरीबरोबरचे, अनंत चतुर्दशीचे. हजारेक मूर्ती झाल्या असतील या हातांनी. छातीएवढं पाणी, वरून कुणीतरी वाकून, जपून, दोन्ही हातांनी काहीतरी जड माझ्या हातांत देतंय. डोक्याला कुणी विचारलंच नाही.

मी डबा एकदा बुडवला. वर काढला. दुसऱ्यांदा बुडवला. वर काढला. तिसऱ्यांदा सोडला.

तोंडात नळी होती म्हणून बरं, नाहीतर मी मोरयाही म्हटलं असतं.

"पप्पा!" प्रणाली ओरडली. कामाच्या वेळेत पहिल्यांदा.

बोटीवर बिमलदानं हात जोडले. त्याच्याकडे दुर्गेचं करतात, त्याला एका क्षणात कळलं. "दादा ने बिसर्जन कर दिया," तो म्हणाला.

शिशाची पट्टी चोख काम करत होती. डबा गेला तळाला. प्रणालीनं माझ्याकडे एकदा बघितलं, नळी तोंडात घातली आणि गेली खाली. मी पालथा पडून पाण्यात तोंड घातलं.

पाणी काचेसारखं होतं. तळाची वाळू दिसत होती. ती जात होती खाली, घाई नाही, हातपाय मारणं नाही, जिना उतरावा तशी. लहान होत गेली. एका खडकाच्या बाजूला थांबली, डबा उचलला, हलवून पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला. मग वर यायला लागली. मला हायसं वाटलं. आणि मग मध्येच, माझ्या खाली पंधरा-सोळा फुटांवर, ती थांबली.

थांबली ती हलेचना. पाण्याच्या मधोमध, कशाला धरलेलं नाही, पायाखाली काही नाही, नुसती उभी. मी मोजायला लागलो. तीस झाले. साठ झाले. कुठं अडकली? काही दुखतंय? मी हात हलवले, ती बघत नव्हती. मला खाली जायचं होतं आणि जमत नव्हतं, जॅकेटात हवा भरलेली, कितीही हातपाय मारले तरी मी वरच. पोरगी समोर आहे, धडधडीत दिसतेय, आणि मला तिच्यापर्यंत जाता येत नाही. मी आयुष्यात एवढा घाबरलेलो नाही. मी डोकं बाहेर काढून बोंबललो, "बिमलदा! लडकी अटक गई!"

"अटका नहीं, दादा," बिमलदा शांतपणे म्हणाला. "घड़ी देख रही है. तीन मिनट रुकना पड़ता है उधर. जल्दी ऊपर आने से आदमी को नुकसान होता है."

मी परत तोंड पाण्यात घातलं. खरंच, ती मनगटाकडे बघत होती. मग तिनं वर माझ्याकडे पाहिलं, दोन बोटं दाखवली. अजून दोन मिनिटं. मी थांबलो. ती दोन मिनिटं मी तिच्याकडे नुसतं बघत होतो आणि माझ्या लक्षात आलं, दोन वर्षं आम्ही दोघं नवराबायको काठावर उभे राहून हिला वर ये, वर ये म्हणून ओरडतोय. ती तिथे बुडत नव्हती. ती तिथे कामावर होती.

वेळ झाली तशी ती वर आली, नळी काढली, डबा माझ्या हातात दिला आणि दोरी माझ्या मनगटात स्वतः अडकवली. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"कोरडा आहे," ती म्हणाली. "गोपीकाकांना सांगा."

मी श्वास घेतला, आत, बाहेर. मग आम्ही दोघं खाली गेलो आणि मी फोटो काढले.

शुक्रवार

विमानाच्या आदल्या दिवशी पाण्यात उतरू देत नाहीत, तब्येतीला धोका असतो म्हणे. त्यामुळे शुक्रवारी आम्हा दोघांकडे काही निमित्त उरलं नाही. तिनं सुट्टी घेतली होती. किनाऱ्यावर आडव्या पडलेल्या एका झाडावर आम्ही शहाळी घेऊन बसलो. बायोडेटाची प्लास्टिकची फाईल माझ्या मांडीवर होती.

"आईनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय तो," प्रणाली फाईलकडे न बघता म्हणाली. "फोटो तुम्ही काढलाय ना? हनुवटी बारीक केलीत त्याची."

"थोडी."

"पप्पा, तुम्ही विचारा. मी नाय म्हणेन. मग तुम्ही गप्प बसाल, आई रडेल, मी चार महिने फोन उचलणार नाय. हे सगळं आपण केलंय आधी."

"तुला इथे एकटं वाटत नाही?"

"वाटतं. रविवारी वाटतं. आईच्या हातचं खावंसं वाटलं की वाटतं." तिनं शहाळ्यात तोंड घातलं. "पण पाण्यात नाय वाटत."

समोर बंगळुरूचे लोक शिंपले उचलत होते आणि पाटी आठवून परत ठेवत होते. मी फाईल बॅगेत टाकली.

"मी विचारतच नाही," मी म्हटलं.

"मग आईला काय सांगणार?"

"ते माझं मी बघतो."

मग तिनं डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पोरगी परत येणार नाही हे मला तेव्हा पक्कं कळलं, आणि ते मी स्वतःच पक्कं केलं होतं. आम्ही दोघांनी शहाळ्यातली मलई खाल्ली.

कुळगाव

शनिवारी रात्री घरी पोचलो. वनितानं दारातच माझ्या पाठीमागे पाहिलं. पाठीमागे रिक्षावाला होता.

मी तिला सगळं सांगितलं, जसं झालं तसं. विसर्जनाचं सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. ती तीन मिनिटं सांगितली तेव्हा तिनं काही मारलं नाही. विचारलंच नाही, हेही सांगितलं. ती उठून आत गेली आणि रविवारी दुपारपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. चहा दिला, पण ठेवून गेली.

दुपारी ती ओट्याशी बोंबील साफ करत होती, तेव्हा अंबरनाथहून फोन आला. तिनं हात धुतले, पुसले आणि फोन उचलला. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलो. तो पेपर गुरुवारचा होता.

"हां, बोला... हो, आले ना हे काल... नाय हो. नाय जमायचं तिला." थोडा वेळ ती ऐकत होती. "नोकरी सोडेल, असं कसं म्हणता? तिच्या भरवशावर माणसं पाण्याखाली असतात. अशी सोडून नाय येता येत."

फोन ठेवल्यावर ती पाठमोरी उभी राहिली. नळ चालूच होता. मी गेलो आणि बंद केला.

"फोटो दाखवू?" मी विचारलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मासळीचे?"

मी लॅपटॉप उघडून ओट्यावर ठेवला. बुधवार-गुरुवार मिळून चारशे सदतीस फोटो होते. त्यात मासे अकरा.